मुलगी शुद्धीवर नसेल तर



लेण्याद्रीच्या पायथ्याशी बसून आज आम्ही थोडे अवघड बोलणार आहोत. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुली शिकायला पुण्याला राहतात. हे चांगलेच झाले. पण तेथे काही मुली आग्रहाला बळी पडून दारू पितात. मुलगेही पितात, त्यांची चर्चा होत नाही, एवढेच! आपल्या राज्यात २१ वर्षांच्या आत बिअरलाही बंदी आहे, दारूला तर २५ च्या आत.

बाईच्या अंगात पुरुषापेक्षा पाणी कमी असते. म्हणून तेवढीच दारू तिला जास्त चढते. उपाशीपोटी, भराभर प्यायली तर शुद्ध जाते. मग मैत्रिणी घाबरतात. घरी कळेल, अब्रू जाईल, म्हणून तिला निजवून दार लावून घेतात. यातच जीव जातो. पोटातली दारू झोपेतही रक्तात भिनत राहते. उताणी निजली तर ओकारी घशात अडकते.

तिला कुशीवर वळवा. एकटी सोडू नका. चहा, लिंबूपाणी पाजू नका. त्याने दारू उतरत नाही, ठसका मात्र लागतो. हलवूनही जागी होत नाही, श्वास मंद झाला, अंग गार पडले, तर लगेच १०८ ला फोन लावा. गाडी फुकट येते.

मुलगी गाव सोडण्याआधी आपण तिला हे सांगू. आणि म्हणू, "बाई, रात्री कितीही वाजता फोन कर. आधी तुला आणू, बोलायचे ते मागाहून."