बोरीवरचा कोशेटा



परिसर अभ्यासाच्या तासाला फुलपाखराचे जीवनचक्र फळ्यावर काढून दाखविण्याची पद्धत रूढ आहे. चित्र सुबक असते. परंतु बांधावरच्या बोरीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

बोर, ऐन, अर्जुन या वृक्षांवर टसर रेशमाच्या पतंगाची हिरवी अळी वाढते. भंडारा, गडचिरोलीकडे ढीवर समाजातील कुटुंबे ती ऐनावर पाळतात. आपल्याकडे तुतीवर पाळला जातो तो रेशीमकिडा निराळा. हजारो वर्षे माणसाच्या सान्निध्यात राहून त्याच्या पतंगाची उडण्याची शक्तीच गेली. टसराचा पतंग अद्याप रानाचा आहे. पंख पसरले असता तो सुमारे 15 सेंटिमीटर भरतो व चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक असा एकेक डोळा असतो. त्याला खाण्यास तोंडच नाही म्हटले तरी चालेल. अळीने साठविलेल्या शिदोरीवर तो काही दिवस जगतो. मादी डहाळीवर स्वस्थ बसते आणि नर आपल्या पिसासारख्या शृंगिकांनी तिचा गंध घेत अंधारातून येतो.

चार वेळा कात टाकल्यावर अळी कोश विणते. त्याला रेशमाचाच देठ असून देठाचे कडे डहाळीला घट्ट वेढलेले असते, म्हणून पाने गळाली तरी कोश गळत नाही. तो किती चिवट! 1830 च्या दशकात कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील या किड्यावर निबंध लिहिला. त्यात ‘कोळीसरा’ हे देशी नाव नोंदवून ते सांगतात की, कोशेट्याच्या पट्ट्या चामड्याहून टिकाऊ असल्याने मराठे त्यांनी बंदुकीची नळी दस्त्याला बांधीत.

पाने झडली की कोश दिसू लागतो. नेमक्या त्याच दिवसांत कुंपणासाठी बोरीच्या काट्या तोडल्या जातात आणि पुढे उन्हाळ्यात बांध पेटविले जातात. आतला जीव मेलेला नसतो. पावसाळ्यापर्यंत तो निद्रिस्त असतो. म्हणून कोश असलेली डहाळी आधी बाजूला काढून सावलीत टांगावी, एवढे मुलांकडून घरी सांगवावे.

कोश हलवून पाहावा. आत जडसर काही हालले तर तो भरलेला. त्यास कात्री लावू नये. पावसाच्या सुमारास पतंग आतून द्रव सोडून कोशाचे टोक मऊ करील व रात्री बाहेर येईल. पंख वाळले की त्यास बोरीजवळ सोडावे. मागे राहिलेल्या रिकाम्या कोशाची वळसेदार पट्टी कापून दोन मुलांना दोन्ही टोकांनी ओढावयास द्यावी.