कासवाला कळतं का?



आमच्या घरी दोन कासवं आहेत. लेकीनं हट्टानं आणली तेव्हा बिस्किटाएवढी होती, आता ताटलीएवढी झालीत. डोळ्यामागं लाल पट्टा असलेली. माझी चाहूल लागली की एक काचेवर धडका देतं. दुसरं मान आत घेतं आणि मी लांब गेल्याशिवाय खात नाही. एकाच पाण्यात वाढली, पण स्वभाव आम्हा जावाजावांसारखे!

सासूबाई म्हणतात, धीटाचा तुझ्यावर जीव आहे. मी तसं छातीठोक सांगणार नाही. ते खाण्यासाठीही येत असेल. पण भीती? ती डोळ्यांना दिसते. शिकणंही दिसतं. शास्त्रज्ञांच्या प्रयोगात लाल पायांची कासवं दुसऱ्या कासवाचं बघून आडोशाला वळसा घालून खाऊपर्यंत गेली.

साप डूख धरतो, हे मात्र आपण बिनधास्त मानतो. नाग फणा काढून डोलला की त्याला नाच म्हणतो. तो घाबरलेला असतो. जवळच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग मिरवायचे, ते थांबवायला उच्च न्यायालयात जावं लागलं.

आता आमचे हे म्हणतात, कासवं रंकाळ्यात सोडू. मी नाही म्हटलं. ही जात मूळची अमेरिकेतली, ती आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावते. आणि वीस-तीस वर्षं जगते, हे आणतानाच विचारायला हवं होतं. (पाठीवर चांदण्या असलेलं आपलं कासव तर घरी आणूच नका, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.)

मोठी टाकी घेतली. उन्हाला बसायला वीट ठेवली. लाजऱ्यासाठी कोपऱ्यात कौलाचा तुकडा लावलाय. खाणं टाकलं की मी अजूनही लांबच उभी राहते.