कारभाऱ्याचा खांदा



वैशाखातल्या उकाड्यात, दिवसभराचा धंदा आटोपून आपण येथे येऊन बसला आहात, आणि आम्ही बोलणार आहोत थकव्याविषयी! परंतु समोर अडतदार, जिनिंगचे व डाळमिलचे मालक, बँकांचे शाखाधिकारी दिसत आहेत. तेव्हा विषय बदलण्याचे कारण नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या वऱ्हाडात बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात. कोणत्या बैलाचा खांदा सुजला आहे, हे कास्तकाराला हात लावताच कळते. कारभारी माणसाच्या खांद्यावरून मात्र कोणी हात फिरवीत नाही. हाताखालचे त्याला भितात, वरचे त्याला आकडे विचारतात, आणि घरचे ‘त्यांना काम फार’ असे कौतुकाने सांगतात.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली ज्या अवस्थेवर लिहिले, तिला ‘बर्नआउट’ म्हणतात. आम्ही तिला करपणे म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात हा रोग मानलेला नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या, न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. त्याच्या खुणा तीन: शक्ती आटणे, कामावरून मन उडून वृत्ती कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. पहिली खूण ज्याची त्याला कळते. दुसरी अधिक वाईट, कारण तिचा भोग दुसऱ्याच्या वाट्याला येतो.

आम्ही स्वतः याच जिल्ह्यात एका बँकेचे शाखाधिकारी होतो. २००८ साली केंद्र सरकारच्या कर्जमाफीच्या याद्या चालल्या होत्या. दोन हेक्टरांपर्यंतच्या थकबाकीदार शेतकऱ्याला पूर्ण माफी होती. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याने पाऊण रक्कम भरल्यास पाव रकमेची सूट होती. रात्री दहापर्यंत आम्ही शाखेत असू. झोप लागेना, आणि लागली तर स्वप्नातही खातेउतारे. अशात एक वयस्क कास्तकार समोर येऊन उभे राहिले. “साहेब, माझं नाव यादीत काहून नाही?” आम्ही मान वर न करता म्हणालो, “तुमची जमीन जास्त आहे, हा काय माझा दोष?” ते निघून गेले. पाव सूट त्यांना मिळू शकत होती, हे आम्हांस पाठ होते. पण तोंडून निघाले नाही. संध्याकाळी कारकुनाने हळूच आठवण दिली, तेव्हाही आम्हांस वाईट वाटले नाही. वाईट वाटले नाही, याचीच भीती वाटली. ज्या जिल्ह्यात कर्जापायी माणसे जीव देत होती, तेथे खुर्चीवरच्या माणसाचे असे दगड होणे ही काही खाजगी बाब नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून घेतले व सारे समजावून दिले. मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो. हे प्रथम करावे. कारण रक्तक्षय, मधुमेह, थायरॉईड, उदासीनतेचा आजार, हेही थकव्याचाच वेष घेऊन येतात. जीव नकोसा वाटू लागला असेल तर एक दिवसही थांबू नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे.

आम्ही तीन आठवडे रजा घेतली. पहिला आठवडा झोपण्यात गेला, दुसरा चिडण्यात. तिसऱ्यात एकदा सकाळी पद्मतीर्थाकडे फिरावयास गेलो आणि तेथे भेटलेल्या माणसाशी कामाशिवायच्या गोष्टी बोललो! वाटले, बरे झालो. कामावर परतल्यावर महिन्याभरात पुन्हा तेच. जू तेच, ओझे तेच. नुसत्या हळद-तुपाने काय होणार?

इंग्लंडातील लॉइड्स बँकेचे प्रमुख अंतोनियो होर्ता-ओसोरियो यांचेही असेच झाले होते. सरकारी पैशाने वाचवलेली ती बँक त्यांनी २०११ च्या मार्चमध्ये हाती घेतली. नोव्हेंबरात निद्रानाशाने त्यांना रजेवर जावे लागले. जानेवारीत परतल्यावर त्यांनी कामाची पद्धत बदलली, अधिक कामे सहकाऱ्यांवर सोपवली, आणि पुढे २०२१ पर्यंत ते पद सांभाळले.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण व्यवस्थापकाच्या जागेवरील माणसांना त्या मर्यादेतून वगळण्याची सोयही त्यातच होती. म्हणजे लोखंडे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत! अलीकडे, २०२५ साली, एका बड्या कंपनीच्या प्रमुखाने ९० तासांच्या आठवड्याची भलावण केली. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अंदाज मात्र सांगतो, की ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांस ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो.

आम्ही पुढे काय केले, ते थोडेच आहे. कोणत्या कागदावर आमचीच सही हवी याची यादी केली; निम्मे कागद नियमाप्रमाणेच उपव्यवस्थापकाचे निघाले, आम्ही हौसेने ओढून घेतले होते. सायंकाळी सातनंतरचे काम बंद केले, आणि रविवारी फोन कपाटात ठेवू लागलो. पहिल्या रविवारी किल्ली खिशात घालून दहा वेळा चाचपली. रात्री कपाट उघडले तेव्हा दोन फोन येऊन गेले होते. एक चुकीचा होता. दुसरा ज्या कामाचा होता, ते उपव्यवस्थापकाने दुपारीच उरकले होते.