टोकन देण्याआधी

सणसवाडी-रांजणगावला कारखाने आले, तशी आमच्या तळेगाव ढमढेरेच्या परिसरातही घरांची मागणी वाढली. कामगार मला विचारतात, "बिल्डर चांगला आहे का?" मी म्हणतो, स्वभाव राहू द्या, हिशेब पाहा. एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीत गुंतले, की पहिलीचा नुसता सांगाडा उभा राहतो. घेणारा मात्र घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरत बसतो. म्हणून रेरा कायद्याने ग्राहकांचे ७० टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. १ मे २०१७ पासून आपल्याकडे महारेरा आहे. तिथे प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि ताब्याची तारीख तपासा. करारनामा नोंदवण्यापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका. तारीख उलटली, तर तिथेच व्याज मागता येते.