कर्ज फिटलं, नोंद मात्र थकीत

पीककर्ज फेडून बेबाकी दाखला हातात आला, तरी पतअहवालात खातं ‘थकीत’ दिसू शकतं. मग ट्रॅक्टरचं कर्ज अडतं. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत देतात. त्यातली शिल्लक रक्कम आणि कर्ज बंद झाल्याची तारीख पासबुकाशी ताडून बघा. चूक आढळली तर बँकेकडे आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्याच. बँकेच्या दुजोऱ्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही, म्हणून खरा पाठपुरावा बँकेतच. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. नोंद दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला मात्र एक रुपयाही देऊ नका.