हलत्या भुईवरील संसार



मराठी भाषेंत भरंवशाचे जे दाखले आहेत, त्यांतले पुष्कळसे जमिनीवरून घेतलेले आहेत. शहाण्या माणसाचे पाय जमिनीवर असतात. संकटांत सांपडलेल्याच्या पायांखालची जमीन सरकते. ज्याला कोणाचाच आधार उरला नाहीं, तो शेवटीं भुईला पाठ टेकतो. जगांत दुसरें कांहींही हललें तरी भुई हलणार नाहीं, हें आपण न बोलतां गृहीत धरलेलें असतें. आपल्या पूर्वजांना मात्र एवढी खात्री नसावी. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे आणि त्यानें फणा हलविला कीं ती कांपते, अशी कल्पना ज्यांनीं केली, त्यांनीं आपल्या पायांखालीं कांहीं तरी जागें आहे, एवढें तरी मान्य केलें होतें.

आज मला भूकंपाविषयीं बोलावयाचें आहे. पण तो एका क्षणापुरता येऊन जाणारा उत्पात म्हणून नव्हे, तर ज्याच्याबरोबर माणसांना वर्षानुवर्षें घर करून राहावें लागतें असा एक शेजारी म्हणून. असा शेजार लाभलेलीं गांवें शोधण्यासाठीं आपल्याला जपानपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. तीं आपल्या महाराष्ट्रांतच आहेत.

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत कोयना नदीवर 103 मीटर उंचीचें धरण उभें राहिलें आणि 1962 च्या सुमारास त्याच्या पाठीमागें शिवाजीसागराचें पाणी सांचूं लागलें. त्यानंतर थोड्याच काळांत आसपासच्या गांवांना लहानलहान हादरे जाणवूं लागले. दक्षिणेचें पठार म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरील अत्यंत स्थिर भाग, असें तोंवर मानलें जात असे; त्यामुळें या हादऱ्यांचें प्रथम नवल वाटलें आणि पुढें त्यांची संवय झाली. 1967 च्या सप्टेंबरांत एक जोराचा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांनीं, 11 डिसेंबर 1967 रोजीं पहांटे साडेचार वाजण्याच्या आधीं, माणसें साखरझोपेंत असतांना, जो भूकंप झाला त्याचें मान रिश्टरच्या मोजपट्टीवर सहाहून अधिक होतें. सुमारें 180 माणसें मृत्युमुखीं पडलीं. कोयनानगरांतील बहुतेक घरें पडलीं किंवा राहण्यास निरुपयोगी झालीं. धरणाला तडे गेले. पण तें उभें राहिलें आणि मागाहून तें अधिक बळकट करण्यांत आलें. मुंबईला मिळणारी कोयनेची वीज त्या दिवशीं बंद पडली, आणि दूरच्या डोंगरांत काय घडलें आहे तें शहरवासीयांना अंधारानें कळविलें.

ही गोष्ट त्या दिवशीं संपली असती, तर तिला इतिहास म्हणतां आलें असतें. पण कोयनेच्या खोऱ्यांतील हादरे त्यानंतर थांबलेच नाहींत. सुमारें वीस किलोमीटर रुंद व तीस किलोमीटर लांब अशा चिमुकल्या पट्ट्यांत आजवर पांच किंवा त्याहून अधिक मानाचे वीसच्या आसपास, आणि चार किंवा त्याहून अधिक मानाचे सुमारें दोनशें भूकंप नोंदले गेले आहेत. लहान हादऱ्यांची गणती हजारोंनीं करावी लागते. शास्त्रज्ञ याचें कारण असें सांगतात: जमिनीखालच्या खडकांत जुन्या भेगा आहेत आणि त्यांच्यावर मूळचाच ताण आहे. जलाशय भरला म्हणजे पाण्याचा दाब खडकांतील बारीक छिद्रांवाटे खोलवर पोंचतो आणि भेगेच्या दोन्ही बाजू ज्या घर्षणानें एकमेकींस धरून असतात, तें घर्षण कमी होतें. पाणी भूकंपाची शक्ति निर्माण करीत नाहीं. दाबून धरलेल्या शक्तीची कडी तें सैल करतें. म्हणूनच पावसाळ्यांत तलाव भरल्यानंतरच्या महिन्यांत येथील हादरे वाढलेले आढळतात. जगांत अशा प्रकारच्या भूकंपांचा अभ्यास करणारे लोक कोयनेचें नांव प्रथम घेतात, आणि कराडजवळ हजारमाची येथें याच अभ्यासाकरितां एक शासकीय संशोधनसंस्था स्थापन झालेली आहे.

शास्त्रज्ञाला जें अभ्यासाचें क्षेत्र, तेंच गृहिणीचें स्वयंपाकघर असतें. आधीं कोठें तरी दूर गडगडाट होतो, अवजड मालमोटार रस्त्यानें जावी तसा. लगेच फळीवरचीं भांडीं एकमेकांशीं कुजबुजूं लागतात, टांगलेला दिवा झोका घेतो, कौलांतून चिमूटभर धूळ गळते. पुरतें भान येतें न येतें तोंच सारें शांत होतें. ही क्रमवारी अगदीं नियमित आहे; कारण भूकंपाच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. पुढें धांवणारी लहर बहुधा हलकी असते व तीच तो घरघराट आणते. मागून येणारी जमिनीला आडवे हेलकावे देते. जें ठिकाण भूकंपाच्या उगमापाशींच आहे, तेथें या दोहोंमध्यें क्षणभराचेंही अंतर नसतें. इशारा व तडाखा तेथें हातांत हात घालूनच येतात.

अशा हेलकाव्यांची संवय होणें हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. प्रत्येक धक्क्याला घाबरावयाचें म्हटलें तर शेत पेरलें जाणार नाहीं, मूल झोपणार नाहीं आणि भाकरी तव्यावर करपेल. माणूस भयाला कामांत मुरवितो, म्हणूनच तो जगतो. परंतु संवयी दोन जातींच्या असतात. एक संवय माणसाला सज्ज करते. दुसरी त्याला निजविते. भूकंपाच्या प्रदेशांत राहणाऱ्यांचें सारें भवितव्य, यांपैकीं कोणती संवय त्यांच्या घरांत शिरते यावर अवलंबून असतें.

निजविणाऱ्या संवयीचा एक आवडता युक्तिवाद आहे. लहान धक्के बसत राहिले तर बरेंच. जमिनीची रग थोडथोडी जिरते आणि मोठा धक्का टळतो, असें पुष्कळ सुशिक्षित लोकही सांगतात. हा हिशेब मोठा गोड आहे. पण तो चुकीचा आहे. रिश्टरच्या मोजपट्टीवर एक अंक वाढला कीं बाहेर पडणारी शक्ति सुमारें बत्तीस पटींनीं वाढते. म्हणजे सहा मानाच्या एका भूकंपाची शक्ति थोडीथोडी करून संपवावयाची तर चार मानाचे सुमारें एक हजार, किंवा तीन मानाचे तीस हजारांहून अधिक भूकंप व्हावे लागतील. सावकाराचें कर्ज असें कवडी-कवडीनें फिटत नाहीं. लहान धक्का ही मोठ्या धक्क्याची पावती नव्हे. आणि तो मोठ्या धक्क्याची हमखास वर्दीही नव्हे. अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं भूकंप होईल, हें सांगण्याची विद्या अद्याप कोणालाही साध्य झालेली नाहीं.

या अनिश्चिततेचा जाच लातूर जिल्ह्यांतील किल्लारीनें भोगला. 1992 सालीं किल्लारीच्या परिसरांत धक्के बसूं लागले. ऑक्टोबरांतील एक धक्का बराच जाणवला. लोक हवालदिल झाले. तेव्हांच्या नकाशावर हा भाग भूकंपाच्या दृष्टीनें सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. मग दिवस गेले, धक्के ओसरले आणि संसार पुन्हां आपल्या वळणावर आला. पुढच्या वर्षीं, 29 सप्टेंबर 1993 रोजीं अनंतचतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून माणसें दमूनभागून घरांत झोपलीं आणि पहांटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. त्याचें मानही कोयनेच्या भूकंपाहून फारसें निराळें नव्हतें. पण लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत मिळून मेलेल्यांची संख्या दहा हजारांच्या घरांत गेली.

एवढा फरक कां पडला? वस्ती दाट होती, वेळ झोपेची होती, हीं कारणें आहेतच. पण सर्वांत मोठें कारण डोक्यावर होतें. मराठवाड्यांतील जुनें घर म्हणजे दोन-दोन फूट व त्याहूनही जाड दगडी भिंती, आणि वर माळवद. लांकडी तुळयांवर फळ्या घालून त्यांवर मातीचा जाड थर दिलेला असतो, आणि पावसाचें पाणी झिरपूं नये म्हणून वर्षानुवर्षें त्यांत नव्या मातीची भर पडत जाते. उन्हाळ्यांत हें घर थंड असतें, थंडींत ऊबदार असतें, चोराला तें फोडतां येत नाहीं. प्रत्येक पिढीनें त्याची जाडी वाढविली ती सुखासाठीं व सुरक्षिततेसाठींच. परंतु या भिंतीला दोन तोंडें असतात. आंतला एक थर व बाहेरचा एक थर, मध्यें लहान दगड आणि चिखल. दोन्ही थरांना आरपार जोडणारा लांब दगड घातलेला नसला, तर हेलकाव्यासरशी थर फांकतात, भिंत ढांसळते आणि माथ्यावरची कित्येक खंडी माती खालीं येते. कांहीं घरांत माळवदाचा भार भिंतींवर नसून आंतल्या लांकडी खांबांवर तोललेला होता. तेथें भिंती ढांसळल्या तरी छप्पर पुष्कळ ठिकाणीं उभें राहिलें, आणि त्याखालचीं माणसें वांचलीं. तोच गांव, तेच दगड, तीच माती. अंतर होतें तें केवळ जोडणीचें.

भूकंप माणसाला मारीत नाहीं, माणसाला त्याचें घर मारतें, असें या शास्त्रांतले लोक म्हणतात, त्याचा अर्थ किल्लारीच्या ढिगाऱ्यांत प्रत्यक्ष दिसला. हें वाक्य कठोर आहे. पण त्यांत मोठी आशाही आहे. भूकंपावर आपली सत्ता नाहीं, घरावर आहे. त्या आपत्तीनंतर 52 गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि हजारों जुन्या घरांना बळकटी देण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. आरपार दगड घालावा, कोपरे नीट सांधावे, दारांच्या व खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या भिंतींना कवटाळणारा सिमेंट-काँक्रिटचा सलग पट्टा फिरवावा, माळवदावरची जादा माती उतरवावी, हे उपाय गवंड्याला समजतील इतके साधे आहेत.

बेसावध संवयीप्रमाणेंच बेभान भीतीही घातक ठरते. 2018 च्या नोव्हेंबरापासून पालघर जिल्ह्यांत डहाणू-तलासरीच्या बाजूस धक्क्यांची मालिका सुरू झाली. ऐन थंडींत कुटुंबेंच्या कुटुंबें घराबाहेर, तंबूंत झोपूं लागलीं. पुढें एका धक्क्याच्या वेळीं घराबाहेर धांवतांना पडून एक लहान मुलगी दगावली. ज्याच्या घरावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाहीं, त्यानें धांवूं नये तर काय करावें? उघड्यावर झोपणाऱ्याला भित्रा म्हणणें सोपें आहे. पण त्याला निर्धास्तपणें निजतां येईल असें घर मिळेपर्यंत त्याची भीतीच त्याहून शहाणी होय.

शहरांतील श्रोत्यांना वाटेल, आमच्या इमारती सिमेंटच्या. आम्हांस याचें काय? 26 जानेवारी 2001 रोजीं कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां उगमापासून दोनशेंहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेंतही कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजल्यावर मोटारी ठेवण्यासाठीं भिंती न घालतां नुसते खांब उभे केलेल्या इमारती त्यांत पुष्कळ होत्या. वर घरांचा भार आणि खालीं काटकुळे पाय, अशी ती रचना. आपल्या शहरांतून अशा इमारती कांहीं थोड्या नाहींत. दिवाणखाना प्रशस्त करण्याच्या हौसेपायीं एखादा खांब किंवा तुळई तासणारे गृहस्थही थोडे नाहींत. तो खांब आपल्या एकट्याचा नसतो. वरच्या सर्व मजल्यांचा संसार त्यावर उभा असतो.

म्हणून सज्ज करणारी संवय घरोघर लागावी. ती खर्चाची नाहीं. उंच कपाट भिंतीला पक्कें जखडावें. पलंगाच्या उशाशीं, वरच्या फळीवर जड वस्तु ठेवूं नये. विजेरी व पायतण रात्रीं हाताशीं असावें, कारण धक्क्यानंतर फुटलेल्या कांचांनींच अनेकांचे पाय कापतात. स्वयंपाकाचा गॅस बंद करण्याची कळ घरांतल्या प्रत्येकाला, मुलांनाही, ठाऊक असावी. पक्क्या इमारतींत धक्का जाणवतांच जिन्याकडे किंवा उद्वाहकाकडे धांवूं नये. मजबूत मेजाखालीं वांकून बसावें, डोकें झांकावें, मेजाचा पाय घट्ट धरावा आणि हेलकावा थांबल्यावर शांतपणें बाहेर पडावें. दगडमातीच्या बैठ्या घरांत मात्र, दार दोन पावलांवर असेल तर, मोकळें अंगण हेंच आसऱ्याचें ठिकाण होय. आणि घर विकत घेतांना आपण फरशीचा रंग पाहतों, खिडकींतला वारा पाहतों, शेजार पाहतों. त्याबरोबर ही इमारत भूकंपाचा विचार करून बांधली आहे काय, एवढा प्रश्न बांधणाऱ्याला विचारण्याचा संकोच करूं नये.

कोयनेच्या खोऱ्यांत आज रात्रींही कोठें तरी भांडीं किणकिणतील, एखादें मूल जागें होईल आणि त्याची आजी त्याला थोपटून पुन्हां निजवील. त्या थोपटण्यांत भुईशीं जुळवून घेतलेल्या कित्येक वर्षांचें शहाणपण आहे, आणि तें आदरास पात्र आहे. परंतु मुलाला निजविणाऱ्या त्या हाताला वरच्या तुळईचीही खात्री असली पाहिजे. भुई हलणारच आहे. ती केव्हां हलेल हें तिचें तिला ठाऊक. छप्पर कसें उभारावयाचें, हें मात्र आपल्या हातीं आहे. आणि जें आपल्या हातीं आहे, तें शेषाच्या माथीं मारण्याचा अधिकार आपल्याला आतां उरलेला नाहीं.