दीक्षा एका दिवसाची नसते
(वर्षावास प्रवचनमालेतील भाषण)



मी बँकेतला एक साधा कारकून. विद्वत्तेचा माझा दावा नाही. धर्मांतर या विषयावर बोलताना आज मी आपल्याच जिल्ह्यातील एका ख्रिस्ती बाईंची हकीकत सांगणार आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेले जिन्नससुद्धा धुवून घेत. त्यांचे पती कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी स्वयंपाक आणि पाणी वेगळेच ठेवीत. विचार करता करता जातिभेद माणसानेच केला आहे हे त्यांना पटले. आधी मनातून जात गेली आणि नंतर त्यांनी धर्म बदलला. विशेष म्हणजे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी आपला पूर्वीचा विटाळ लपवला नाही. सरळ लिहून ठेवला.

पण सगळ्या चर्चमधून जात गेली का? नाही. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांसमोर बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला. त्याचबरोबर दक्षिणेत चर्चमध्येही जातिभेद पाळला जातो, हे स्पष्ट सुनावले. पुढच्याच महिन्यात ते आपल्या मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेस आले आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे त्यांनी सांगितले.

बंधू-भगिनींनो, इतरांच्या मंदिरातली जात आपल्याला चटकन दिसते. आपल्या घरातली दिसते का?

तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीला स्थळ आले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. दोन्ही घरांत बुद्धमूर्ती, दोन्ही घरांत बाबासाहेबांचा फोटो. तरीही मी मध्यस्थाला बाजूला घेऊन पोटजात विचारली. ती वेगळी निघाली. मी काहीतरी कारण सांगून स्थळ मोडले. भाचीला ते कळले. ती एवढेच म्हणाली, "मामा, बावीस प्रतिज्ञा म्हणताना तुम्ही नववी गाळता का?"

नववी प्रतिज्ञा सर्व माणसांना समान मानण्याची. दर १४ ऑक्टोबरला मी ती मोठ्या आवाजात म्हणत आलो आहे. तिच्यापुढे माझी मान खाली गेली.

ख्रिस्ती बांधव आपल्या पापाची कबुली देवापुढे देतात. आपल्या धम्मात क्षमा करणारा देव नाही. आपल्या कर्माचा जाब आपल्यालाच द्यायचा असतो. बँकेत दिवसअखेर कॅश जुळली नाही, तर चूक सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. मी मात्र ही चूक तीन वर्षे तशीच ठेवली. म्हणून आज ती आपणा सर्वांसमोर कबूल करीत आहे. त्या मुलाच्या वडिलांकडेही मी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला. पण तुटलेले जुळले नाही.

१९५६ साली नागपूरला आपल्या वडीलधाऱ्यांनी दीक्षा घेतली, ती पुढे नेण्याचे काम आपले आहे. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्या लग्नाची बोलणी होतील. तेव्हा घरात कोणी पोटजात विचारली, तर गप्प बसू नका. विचारणारा मामा असला तरी!

भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय बुद्ध!